आजाऱ्यास दोष लावावा काय?

कोणास मधुमेह झाल्याचें गांवांत कळलें कीं, औषधाच्या आधीं त्याच्या पदरीं एक वाक्य पडतें: "गोड खाऊन स्वतःवर ओढवून घेतलें." रोग हें सर्वस्वी रोग्याच्याच करणीचें फळ होय, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ह्या रोगाचें मूळ एकदां नीट पाहावें, अशी आमची विनंति आहे.

आपण भाकरी खातों, तिच्यांतील पिठाची पोटांत साखर होऊन ती रक्तांत जाते व शरीरास बळ देते. अन्नाच्या ह्या घडामोडीस चयापचय म्हणतात. रक्तांतील साखर शरीराच्या कामीं लागावी म्हणून स्वादुपिंडांतून इन्सुलिन नांवाचा रस स्रवतो. तो स्रवेनासा झाला, अथवा त्याचें कार्य मंदावलें, म्हणजे साखर रक्तांतच सांचते. हाच मधुमेह.

कित्येक लेंकरांच्या शरीराची संरक्षक शक्तीच इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. १९२२ च्या पूर्वीं अशीं मुलें फार दिवस जगत नसत. त्या सालच्या जानेवारींत टोरांटो येथें लिओनार्ड थॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन देण्यास आरंभ झाला, आणि तो आणखी १३ वर्षें जगला. अशा मुलाचा अपराध तो कोणता?

दुसरा प्रकार प्रौढांत अधिक आढळतो. अति खाणें, बसून राहणें व वाढलेला मेद हीं त्याचीं कारणें खरीं. पण तेवढींच नव्हेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें अन्न अडविल्यामुळें हॉलंडच्या पश्चिम भागांत उपासमार झाली. त्या वेळीं जे मातेच्या उदरांत होते, त्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हां साखर पचविण्याची त्यांची शक्ति इतरांपेक्षां कमी आढळली. आपल्याकडेही पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळें सरासरीनें २.७ किलो वजनाचीं, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोचीं भरलीं. तरी आपल्या कृश बाळांत स्नायु कमी, व त्या मानानें चरबी अधिक होती. म्हणजे रोगाचें बीं पुष्कळदां पाळण्याच्याही आधीं पडलेलें असतें.

"मग पथ्य तरी कशाला?" असें कोणी विचारील. दोष व कर्तव्य ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. तण आपण पेरलेलें नसतें, तरी खुरपणी आपणांसच करावी लागते. तसें पथ्य, चालणें व नेमानें औषध घेणें हें रोग्याचें कर्तव्य आहेच. परंतु दोषाच्या भीतीनें तेंच सुटतें. लग्न जमणार नाहीं म्हणून आईबाप मुलीचा रोग लपवितात; चारचौघांत सुई टोंचून घ्यावयास तरुण लाजतो. लाजेनें कोणाची साखर उतरत नाहीं.

आणि दोषाचा हिशेबच मांडावयाचा, तर ज्या घरांत गरोदर सून सर्वांच्या शेवटीं उरलेलें खाते, त्या घरानें त्यांत आपलेंही नांव लिहावें. म्हणून आजाऱ्याच्या भेटीस जातांना आपण उपदेश थोडा न्यावा, त्याचें पथ्य आपल्याही ताटांत वाढून घ्यावें, आणि आपल्या घरीं गरोदर बाईचें पान आधीं मांडावें.