हवा काढताना

विहिरीवरच्या खोपीत जा आणि इंजिनाजवळ बसा. पाना एवढ्यात उचलू नका. पोतं अंथरा किंवा डबा उलटा करून त्यावर बसा. उकिडवं नको, उकिडवा माणूस कायम उठायच्या बेतात असतो.

आता नुसतं बघा. एक सिलिंडर, दोन बाजूंना दोन जड फ्लायव्हील, वर डिझेलची टाकी. चालू असतं तेव्हा मिनिटाला ६५० फेरे, म्हणजे आजच्या मानानं अगदी सावकाश. मूळ आराखडा इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याचा. राजकोटच्या कारखान्यांनी तो उचलला आणि घरचाच करून टाकला. इकडे पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली. त्याच किर्लोस्करांचा लोखंडी नांगर नवा होता तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. पुढच्या पिढ्यांनी खंडेनवमीला इंजिनालाही हळद-कुंकू लावलं.

नजर सगळ्या जोडांवरून एकदा फिरवा. साधी धूळ फुंकरीनं उडते. जिथं गळती असते तिथं ती काळी होऊन चिकटून बसते. बोट लावून बघा, हुंगा. डिझेल की ऑइल, ते नाक सांगतं.

मग आठवा, ते बंद कसं पडलं? झटक्यात, की दम लागल्यासारखं आचके देत? धूर कसला होता? काळा असेल तर डिझेल जास्त झालंय, हवा कमी पडतेय किंवा लोड झेपत नाहीये. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर कुठून तरी पाणी शिरलंय. आठवायला वेळ लागला तर लागू द्या. तेवढ्यात कोणी येऊन ‘हेड खोलून बघू’ म्हणेल. त्याला चहा पाजा. हेड शेवटी.

समजा आचके देत बंद पडलं आणि टाकीत खडखडाट आहे. म्हणजे लाइनीत हवा शिरलीय. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. बुडबुडा अडकला की पंपाचा सगळा जोर त्यालाच दाबण्यात जातो आणि नोझल गप्प राहतो. ध्यानाला बसलेल्या माणसाला आपला श्वास बघायला सांगतात. इथं बघायची हवा ही.

टाकी भरा. फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, काढू नका. आधी फेस येईल, मग थुंकल्यासारखं डिझेल, परत फेस. हात स्क्रूवर ठेवा आणि थांबा. ‘आलं की’ असं वाटतं तेव्हा हमखास आणखी एक बुडबुडा मागे असतो. धार अखंड, काचेसारखी झाली की वाहत्या धारेतच स्क्रू आवळा. मग तेच पंपावर. सगळ्यात शेवटी नोझलच्या नळीचा नट सैल करून हँडल हळूहळू फिरवायचं. तिथंही नितळ डिझेल आलं की नट आवळायचा.

मधे एखादा तांब्याचा वॉशर निघाला तर फेकू नका. वर्षानुवर्षं दाबून तो कडक झालेला असतो, म्हणून गळतो. चिमट्यात धरून लाल होईस्तोवर तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलादाचा अनुभव असलेल्याला हे उलटं वाटेल, पण तांबं असं केल्यानं मऊ पडतं. काजळी पुसा, परत बसवा. नवा वॉशर काही महाग नसतो. पण हा पूर्वी बसला होता तसाच पुन्हा बसतो, यात एक मजा आहे आणि ती मला सोडवत नाही.

आता हँडल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला वेढा नको. इंजिन उलटं फिरलं तर हात सुटायला हवा. सदऱ्याच्या बाह्या वर. डिकॉम्प्रेशनची खिटी उचला आणि फिरवायला लागा. जोर लावण्याआधी कान द्या. नोझल ‘कुर्र’ असा बोलला का? बोलला नसेल तर खांदे भरून येईपर्यंत फिरवूनही काही उपयोग नाही. पुन्हा हवा काढा. बोलला असेल तर वेग येऊ द्या, खिटी टाका.

ठोका पडला, दुसरा पडला, फ्लायव्हीलनं वेग घेतला. हँडल काढून ठेवा. पट्टा चढवायची घाई नको. थोडा वेळ रिकामंच चालू द्या, आणि तोवर पाट कुठं फुटलाय का ते बघून या.