कवटी कधी उघडायची?

डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाला अतिदक्षता विभागात हलवलं, की बाहेर बसलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, ऑपरेशन लगेच का नाही करत?’ या प्रश्नाला वैद्यकाने दिलेलं उत्तर शंभरेक वर्षांत अनेकदा बदललं आहे.

कवटी म्हणजे काठोकाठ भरलेला, न फुगणारा डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागणार. हे तत्त्व एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडलं आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये उचलून धरलं. जागा संपली की दाब चढतो आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोखर आणि कुशिंग या शल्यविशारदांनी यावर सरळ तोड काढली : हाडाचा तुकडाच काढून ठेवा. पण कधी काढायचा, हे सर्जनच्या अंदाजावरच राहिलं. मेंदूतला दाब सतत मोजण्याची सोय १९६०च्या सुमारास झाली, सीटी स्कॅन सत्तरच्या दशकात आला.

मग घड्याळ मध्ये आलं. मेंदूवर रक्त साकळलेल्या ८२ रुग्णांचा अभ्यास १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले, त्यानंतर झालेल्यांपैकी ९० टक्के. पुढच्या अभ्यासांत ही दरी इतकी रुंद दिसली नाही. तरी मेंदूला दाबणारी मोठी गुठळी ताबडतोब काढायची, यावर आजही दुमत नाही.

गाडं अडलं ते सुजेपाशी. इथे काढून टाकण्यासारखं काही नसतं. मेंदूच फुगत असतो. मग सूज चढायच्या आधीच हाड काढलं तर? ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या ‘डेक्रा’ चाचणीने हेच तपासलं. दाब २० मिलिमीटरच्या वर पंधरा मिनिटं राहिला की एका गटात कवटी उघडायची, दुसऱ्या गटात औषधांवर भर द्यायचा. २०११ मध्ये निकाल आला. शस्त्रक्रियेने दाब उतरला, पण सहा महिन्यांनी वाईट अवस्थेतले रुग्ण त्याच गटात जास्त होते : ७० टक्के, दुसऱ्या गटात ५१. यंत्रावरचा आकडा सुधारला, माणूस सुधारला नाही.

केंब्रिजहून चाललेल्या ‘रेस्क्यू-आयसीपी’ने उलट बाजू धरली. सगळे उपचार करूनही दाब २५च्या वर तासभर किंवा अधिक टिकला, तरच हाड काढायचं. २०१६ च्या निकालात सहा महिन्यांतले मृत्यू ४९ टक्क्यांवरून २७ वर आले. पण त्या आकड्याच्या पोटात शिरायला हवं. दर शंभर शस्त्रक्रियांमागे २२ जण जादा वाचले. त्यांतले सहा जण भान नसलेल्या अवस्थेत, आठ जण पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून, आणि आठच जण निदान घरात स्वतःचं स्वतः करू शकणारे.

वाचलेल्याच्या डोक्याचा एक भाग मग काही आठवडे किंवा महिने हाडाविना असतो. बँडेजवर ‘इथे हाड नाही’ असं ठळक लिहिलेलं असतं, म्हणजे कूस बदलताना कुणी तिथे दाब देऊ नये. काढलेला तुकडा अनेकदा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात. तो परत कधी बसवायचा, हा पुन्हा वेळेचाच वाद : लवकर बसवावा तर सूज आणि संसर्गाची धास्ती, उशीर करावा तर टाळू आत खचण्याची.

म्हणून गुठळी असेल तर बाहेरच्यांची घाई रास्तच आहे. सूज असेल तर मात्र थांबणं हाही उपचाराचाच भाग असतो, आणि तो डॉक्टरांनी बोलून दाखवायला हवा. दाब हाताबाहेर गेल्यावर उरणारा प्रश्न मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही : कसलं आयुष्य या माणसाला स्वतःला चाललं असतं? त्याचं थोडंफार उत्तर बाहेरच्या बाकावर बसलेल्यांपाशीच असतं. ते सहीच्या कागदाआधी विचारलं गेलं पाहिजे.