ईयोब आणि पिलात

“ईयोब खरोखर होऊन गेला काय?” शब्बाथशाळेत एका मुलाने काही वर्षांपूर्वी आम्हांला विचारले. “पवित्र शास्त्रावर शंका घेतोस?” असे म्हणून आम्ही त्याला खाली बसवले. तो बसला, पुढे यायचाही थांबला. वर्गात शांतता राहिली, एवढेच आमच्या पदरी पडले.

वास्तविक प्रश्न जुनाच होता. ईयोब झालाच नाही, तो दृष्टान्त आहे, असे एक मत यहूदी शास्त्र्यांच्या ताल्मूदातही नोंदलेले आहे. आणि ते मांडणारा काही नास्तिक नव्हता. ऊस देशातला तो मनुष्य इतिहासात होता की कवीच्या चिंतनातून उभा राहिला, हे उघडे ठेवले तरी राखेत बसून त्याने देवाशी मांडलेला वाद खोटा ठरत नाही. चांगल्या शोमरोन्याचे नावगाव आपण कधी विचारले आहे काय?

मात्र हेच माप सर्वांना लावून चालणार नाही. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात प्रभू येशू व मरीया यांच्याखेरीज एकाच माणसाचे नाव येते, आणि तेही पंतय पिलाताचे! त्या सुभेदाराचे नाव आपण उपासनेत का घ्यावे? कारण वधस्तंभ ‘कोणे एके काळी’ उभा राहिला नाही. तिबिर्य कैसराच्या राज्यात, यहूदीयात, या अधिकाऱ्याच्या हुकमाने उभा राहिला. ख्रिस्ती लोकांना तुच्छ लेखणारा रोमी इतिहासकार टॅसिटस हाही इ. स. ११६ च्या सुमारास तेच लिहितो. पुढे १९६१ साली कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात इटालियन उत्खननकारांना पायरीसाठी वापरलेला एक दगड सापडला. त्यावर लॅटिन अक्षरांत पिलाताचे नाव आणि यहूदीयातला त्याचा हुद्दा कोरलेला आहे. (टॅसिटस देतो तो हुद्दा निराळा आहे. इतिहासकारही चुकतात!)

अर्थात दगड पिलाताची साक्ष देतो, पुनरुत्थानाची नव्हे. ती साक्ष माणसांची आहे. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिताना पौल सांगतो की, उठलेल्या प्रभूला पाचशेंहून अधिक बंधूंनी पाहिले व त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे, असाच याचा अर्थ नाही काय? ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हेही तोच तेथे म्हणतो. ईयोबाविषयी असे कोणी म्हटलेले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा फरक त्या दिवशी आम्ही सांगायला हवा होता. तो मुलगा आता नोकरीनिमित्त बडोद्यास असतो. गेल्या महिन्यात आम्ही त्याला पत्र टाकले आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर लिहिले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.