रांजणगावचा फोन, केडगावचा छापखाना

आमच्या एका स्नेह्यांनी शिरूरच्या व्याख्यानात ठोकून दिलं, की अँड्रॉइड ही लोकशाही आणि आयफोन ही राजेशाही. दाखलाही तयार होता. अँड्रॉइड म्हणजे अंगण-परसू असलेलं स्वतःचं घर, हवी तिथे खुंटी ठोका. आयफोन म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, खिळा मारायचा तरी सेक्रेटरीला विचारा. टाळ्या पडल्या. भारतात शंभरातल्या नव्वदाहून अधिक स्मार्टफोनांत अँड्रॉइड असतं. म्हणजे सभागृहातल्या जवळपास प्रत्येकाला बसल्या जागी, फुकटात, लोकशाहीवादी असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या न पडत्या तरच नवल. पुढे त्या व्याख्यानाचा लेख झाला आणि त्यात शंका काढणाऱ्यांना ‘शंकासुर’ म्हटलं गेलं. रोख कुणाकडे होता हे मला कळतं. तेव्हा या शंकासुराला दोन शब्द लिहिणं भाग आहे.

या घराचा सातबारा आधी तपासू. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. अपाचे परवान्याखाली कुणीही तो उतरवून घ्यावा, बदलावा, विकावा. इथवर स्नेही बरोबर आहेत. पण बाजारात मिळणारा फोन या गाभ्यावर चालत नाही, त्यावर बसवलेल्या गूगलच्या बंदिस्त सेवांवर चालतो. प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकी ॲप्सही घ्या, ठरलेल्या जागी ठेवा आणि अँड्रॉइडचा वेगळा अवतार काढू नका, असे करार कंपन्यांकडून करून घेतले जात होते. याच कारणाने भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द करूनही दंडाची रक्कम कायम ठेवली. अंगण आहे, परसू आहे, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचंच.

राजेशाहीची गोष्ट तर आणखी मजेची. २००७ साली आलेल्या आयफोनमध्ये बाहेरच्यांची ॲप्स नव्हती. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची सोय २००९ मध्ये आली. होम स्क्रीनमागे आपल्या आवडीचं चित्र २०१० मध्ये. त्या स्क्रीनवर विजेट २०२० मध्ये. आणि दोन आयकॉनांच्या मध्ये मोकळी जागा सोडण्याचा अधिकार प्रजेला २०२४ मध्ये बहाल झाला. सतरा वर्षं! अँड्रॉइडवाल्यांकडे यातलं बरंचसं पहिल्या एकदोन वर्षांतच होतं. पण म्हणून काय झालं? आमच्या भागातला अँड्रॉइड फोन उघडून बघा. मागे रांजणगावचा महागणपती किंवा बैलगाडा शर्यतीतला आपला बैल, रिंगटोनला हलगी आणि बाकी सगळं कंपनीने दिलं तसंच. न मागता आलेली चार ॲप्स आहेत, ती काढता येत नाहीत म्हणून एका कोपऱ्यात ढकललेली. एवढ्यालाच स्वातंत्र्य म्हणायचं असेल, तर कोठडीच्या भिंतीला रंग निवडू देणारा तुरुंगाधिकारीही उदारमतवादी ठरेल.

थोडक्यात, सजावटीची मुभा मोजून दोन व्यवस्थांची तुलना करणं हा रिकामा उद्योग आहे. खरी परीक्षा मालक निघून गेल्यावर होते, आणि ती पाहायला आम्हाला कॅलिफोर्नियाला जावं लागत नाही. ती शिरूर तालुक्यातच झाली आहे.

रांजणगावच्या एमआयडीसीत एलजीचा मोठा कारखाना आहे. २००५च्या सुमारास तिथे जीएसएम फोनही बनू लागले. साधे, बटणांचे. पुढे स्मार्टफोनचा जमाना आला, एलजीने जगभर नाना प्रयोग केले, २०१६ मध्ये सुटे भाग बदलता येणारा फोन काढला, २०२० मध्ये पडदा आडवा फिरवता येणारा. चालले नाहीत. ५ एप्रिल २०२१ रोजी कंपनीने फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. इथवर ही व्यापारातली नेहमीची गोष्ट. पुढचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. काही फोनांचा बूटलोडर, म्हणजे आतली मूळ यंत्रणा काढून दुसरी बसवण्याच्या वाटेवरचं कुलूप, उघडून देण्याची सोय एलजीच्या संकेतस्थळावर होती. ती २०२१ च्या अखेरीस बंद झाली. अपडेटची सेवा ३० जून २०२५ ला थांबली. ज्याने कुलूप वेळेत उघडून घेतलं नाही, त्याच्या फोनची किल्ली कंपनीबरोबर गेली. फोन अँड्रॉइडचाच, स्नेह्यांच्या लोकशाहीतला.

दौंडला स्टेशनकडच्या रस्त्याने मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. टेम्पर्ड काच, बॅटरी, ‘सॉफ्टवेअर मारून मिळेल’ अशा पाट्या. तिथे एका गिऱ्हाइकाच्या हातात असाच एलजीचा जुना फोन पाहिला. काच शाबूत, बॅटरी बरी, पण त्यावर बँकेचं ॲप चालेना. निळ्या रबरी मॅटवर उघडलेल्या दुसऱ्याच फोनवरून मान वर न करता दुकानदार पोरगा म्हणाला, “काका, फोनला काय झालं नाय. त्याची कंपनीच गेली ना. आता ह्याच्यात नवीन काय टाकता येत नाय.” लोकशाही आणि राजेशाही यांच्यातला फरक त्या काकांना कुणी समजावून सांगावा?

जाता जाता एक विनोद. याच एलजीने २०१३ मध्ये एचपीकडून ‘वेबओएस’ विकत घेतली. ती मुळात पाम कंपनीने २००९ मध्ये फोनसाठी काढलेली यंत्रणा. चालू ॲप्स पत्त्यांसारखी मांडायची आणि नको ते बोटाने वर फेकायचं, ही आज सगळ्यांच्या बोटांत मुरलेली रीत फोनवर तिनेच रुजवली. फोन म्हणून ती मेली आणि एलजीच्या टीव्हीत पुनर्जन्म पावली. ज्या रांजणगावातून एलजीचा फोन गेला, त्याच रांजणगावातून एका मेलेल्या फोनचा आत्मा घेऊन टीव्ही बाहेर पडतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींत ही एक धरली नसावी.

आता इतकं बोलून झाल्यावर ‘दोन्ही सारखेच’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण तिथे मराठी आडवी येते.

२०१० च्या आसपास स्वस्त अँड्रॉइड फोनवर मराठी बातमी उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. त्यावर जी युक्ती गावोगाव तोंडी पसरली ती आजच्या पिढीला खोटी वाटेल. ऑपेरा मिनी ब्राउजरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘कॉन्फिग’चा संकेत टाकायचा, खाली जायचं आणि गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय चालू करायचा. मग दूरच्या सर्व्हरवर मराठी पानाचं चित्र तयार होई आणि ते आपल्या फोनवर उतरे. आपली भाषा आपण फोटोत पाहत होतो. काही धीट पोरं पुढे जात. फोन रूट करून, म्हणजे आतले सगळे अधिकार आपल्या हाती घेऊन, फॉन्टची फाइलच बदलत. वॉरंटी गेली तर गेली. अँड्रॉइडचा मेनू अधिकृतपणे मराठीत आला २०१४ मध्ये. त्याआधीची मराठी ही परवानगीवाचून केलेली मराठी होती.

कीबोर्डचंही तेच. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ घडवलं. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं, त्यात का, कि, की, कु हजर. बोट त्या दिशेला सरकवायचं आणि सोडायचं. बाराखडी पाठ असलेल्याला हा कीबोर्ड शिकवावा लागत नाही. हे अँड्रॉइडवर होऊ शकलं, कारण बाहेरच्या माणसाचा कीबोर्ड चालवण्याची मुभा तिथे २००९ पासून होती. आयफोनने ती मुभा दिली २०१४ मध्ये. मधल्या पाच वर्षांत कुणा मराठी माणसाला आयफोनसाठी याहून चांगला कीबोर्ड सुचला असता, तरी तो त्याने कागदावरच ठेवला असता. तेव्हा वॉलपेपर वेगळा आणि कीबोर्ड वेगळा. एकात आवड बदलते. दुसऱ्यात आपण लिहू शकतो की नाही, हे ठरतं. सजावटीची मुभा मोजू नये हे माझं म्हणणं कायम आहे. पण तिला सरसकट हसण्याआधी ती मुभा किती खोल जाते हे विचारायला हवं.

किती खोल, या प्रश्नाचं उत्तर मला दौंड तालुक्यातच सापडतं, केडगावला. आणि ते उत्तर शंभर वर्षं जुनं आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आपल्याकडे दोन तट पडतात, धर्मांतराचा आणि स्त्रीशिक्षणाचा. दोन्ही तटांना त्यांचं शेवटचं मोठं काम फारसं आठवत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांनी दीक्षा दिली त्यांची अपेक्षा साहजिकच अशी, की आता या विदुषीने चर्चची शिकवण जशी आहे तशी घ्यावी. बाईंनी तसं केलं नाही. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे, मुळातून वाचावा. एकीकडे आज्ञापालनाचा आग्रह, दुसरीकडे माझा विवेक मी कुणाच्या हवाली केलेला नाही हा ठाम पवित्रा. धर्म स्वीकारला, पण त्यातलं काय मानायचं ते मी वाचून ठरवीन, असं म्हणणारी बाई कोणत्याच व्यवस्थेला सोयीची नसते.

पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली तिथे राहिल्या. शेती, विणकाम आणि छापखानाही आला. मिशनऱ्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर उपलब्ध होतं. रमाबाईंना त्याची मराठी संस्कृतप्रचुर वाटे, साध्या बायकांना न पोचणारी. आता सर्वसाधारण माणूस काय करील? तक्रार करील, विनंतीअर्ज पाठवील. बाईंनी पन्नाशीकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास मांडला, मूळ संहितेला हात घातला आणि संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणलं. खिळे जुळवायला केडगावच्याच मुली. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये निघालं.

इथे आमचे स्नेही खूश होऊन म्हणतील, बघा, सोर्स कोड खुला असण्याचं महत्त्व! थांबा. रमाबाईंचं भाषांतर चाललं नाही. ते मुळाला इतकं चिकटून राहिलं की मराठी कानाला अवघडलेलं वाटलं, आणि रूढ भाषांतराची जागा ते घेऊ शकलं नाही. ज्या साध्या बायकांसाठी खटाटोप केला, त्यांनीही बहुधा जुनंच वाचलं असेल. मग वर्षानुवर्षं चाललेला तो उद्योग वाया गेला का?

माझं उत्तर ठाम नकारार्थी आहे. मूळ संहितेपर्यंत जाण्याचा हक्क लाखात एखादाच वापरतो. उरलेल्यांना त्याचा फायदा असा, की कुणीतरी जाऊ शकतं हे भाषांतर करणाऱ्याला, चर्चला, कंपनीला ठाऊक असतं. त्या जाणिवेनेच वरचे लोक थोडे वचकून असतात. अँड्रॉइडचे स्वतंत्र अवतारही असेच. २००९ मध्ये सुरू झालेलं सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस आटोपलं, त्यातून लिनिएजओएस निघालं. ते वापरणारे मूठभर. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेली, भारतीय भाषांना पुढे ठेवणारी इंडस ओएस २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनांतून आली. यंत्रणा म्हणून ती विरली आणि फोनपेच्या छत्राखाली ॲप स्टोअर होऊन उरली. या सगळ्यांना अपयशी म्हणायचं असेल, तर रमाबाईंनाही म्हणा. मी म्हणणार नाही.

आता खुलेपणाच्या विरोधकांची सर्वांत बळकट बाजू. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलान म्हणून, पीएम किसानचा हप्ता म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल येते. ती दाबली की बँकखातं साफ. खुल्या दाराची ही किंमत आहे आणि ती दुकानदार पोरगा देत नाही, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम देतो. कांदा विकून पैसे आलेला शेतकरी देतो. याच कारणाने गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२६ पासून आधी काही देशांत आणि पुढे सर्वत्र, ओळख पटवलेल्या विकसकाचंच ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसेल, मग ते प्ले स्टोअरबाहेरून का येईना. ओरड झाल्यावर जाणत्यांसाठी एक वेगळी वाट ठेवण्याचं आश्वासन आलं. म्हणजे खुंटी ठोकायची तर आता इथेही सेक्रेटरी आला. फसवणूक खरी आहे, म्हणून हा उपाय मी हसण्यावारी नेत नाही. पण सगळ्या दारांची एकच किल्ली एकाच्या हाती गेली, की पुढचा प्रश्न त्या हाताला कोण पिरगाळू शकतं हा असतो. त्याचं उत्तर लगेच मिळालं. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनवर ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासून बसवण्यास सांगितलं. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. गंमत अशी, की आदेश न मानण्याच्या बेतात असल्याच्या बातम्या ॲपलच्या होत्या, स्नेह्यांच्या राजेशाहीच्या. राजाही कधीकधी प्रजेच्या कामी येतो. मात्र प्रजेने त्याच्या मर्जीवर भिस्त ठेवू नये, एवढंच.

ही चैनीची चर्चा नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः फोनवरून नोंदवायची आहे. पिकाचा फोटो चढला नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही. फोन ही तलाठ्याची वही झाली आहे. आणि ती चार-पाच वर्षांत बाद ठरवायचा अधिकार परदेशातल्या कंपनीकडे आहे.

म्हणून मागणी साधी आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्राने रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलाला मान्यता दिली. खर्च ४९२.८५ कोटी रुपये, त्यात सरकारी पैसा मोठा. जमीन शिरूर तालुक्याची, पैसा आपला. तर अट आपली का नको? अशा सवलती घेणाऱ्या कंपनीने कुठलाही फोन विकला, तर त्याची अपडेट थांबवण्याच्या दिवशी बूटलोडरची किल्ली ग्राहकाला मोफत द्यावी, आणि तशी किल्ली वापरणाऱ्याचं बँकेचं ॲप निव्वळ त्या कारणाने बंद पडू नये. फोनच्या दुरुस्तीसुलभतेला गुण देण्याच्या निर्देशांकाचा अहवाल ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मे २०२५ मध्ये दिला आहे. त्या गुणांत स्क्रू आणि बॅटरीबरोबर या किल्लीलाही घसघशीत गुण असावेत. अपडेट थांबल्यानंतरच किल्ली, म्हणून फसवणुकीची भीतीही आटोक्यात राहते. हे अँड्रॉइडला लागू, ॲपलला लागू, आणि उद्या कुणी स्वदेशी म्हणून अँड्रॉइडवरच नवा शिक्का मारून आणलं तर त्यालाही लागू.

स्नेह्यांना ही अट मान्य असेल तर त्यांनी पुढच्या व्याख्यानात ती मांडावी. टाळ्या कमी पडतील, कारण ऐकणाऱ्यांना लोकशाहीवादी असल्याचं प्रमाणपत्र मिळणार नाही, आपल्या आमदार-खासदारांना पत्र लिहिण्याचं काम मिळेल. आणि अट मान्य नसेल, तर त्यांनी तसं छापून सांगावं. शंकासुर वाचायला तयार आहे.