लावणे सोपे, राखणे कठीण



१ सप्टेंबरपासून संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणापर्यंत, म्हणजे ४ ऑक्टोबरपर्यंत, ख्रिस्तसभा निर्मितीचा काळ पाळते. या दिवसांत आपण रोपे लावतो, फोटो काढतो आणि घरी परततो. त्यांतील किती रोपे पुढचा पावसाळा पाहतात?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, ते दोन कामांसाठी: तिची मशागत करायला आणि तिला राखायला. पहिले काम आपल्याला आवडते. दुसऱ्याचा आपल्याला विसर पडतो.

आपल्या नाशिकजवळ, रामशेज किल्ल्याच्या शेजारी बोरगड आहे. २००८ साली शासनाने तेथील वनाला संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. महाराष्ट्रातील ते पहिलेच. तोड आणि चराई यांमुळे हा डोंगर उजाड झाला होता. वन विभाग, नाशिकचे निसर्गप्रेमी आणि पायथ्याचे गावकरी यांनी मिळून तो राखला. कुऱ्हाड आणि गुरे आवरली की रान स्वतःच उठते. साग, पळस यांच्या तोडलेल्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटतात. करवंदीच्या काटेरी जाळीत कोवळी रोपे शेळ्यांपासून वाचतात. बुलबुल करवंदे खातो आणि बी दूर नेऊन टाकतो. पळस फुलला की मैना त्याच्या फुलांतला रस प्यायला येतात.

देवाने इतक्या निरनिराळ्या गोष्टी का निर्माण केल्या, असा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी विचारला. त्यांचे उत्तर असे: देवाचा चांगुलपणा एकाच जीवात मावत नाही, एकात जे उणे आहे, ते दुसऱ्याने भरून काढावे. मिश्र रान पाहिले की हे पटते. काटेरी करवंदीलाही तेथे काम आहे.

मात्र रान राखण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. चुलीचे सरपण आणि गुरांचा चारा ज्यांना डोंगरावरूनच मिळत असे, त्यांनी हात आवरला. आपण शहरातले लोक तेथे जाऊन सावलीत बसतो. उपवासकाळात एखादा पदार्थ सोडून आपल्याला त्यागाचे समाधान वाटते. या गावकऱ्यांपुढे आपला त्याग किती लहान!

म्हणून आपणही थोडे राखू या. बोरगडला गेलो तर फूल-फांदी तोडू नये, प्लास्टिक टाकू नये. माघ-फाल्गुनात पाचोळा वाळलेला असतो. विडीचे एक थोटूक सारा डोंगर जाळू शकते. आणि यंदा आपण जेवढी रोपे लावू, त्यांतील एकेक रोप एकेका कुटुंबाने दत्तक घ्यावे व पुढच्या जूनपर्यंत त्याला पाणी घालावे. ज्यांना पाणी घालणे जमणार नाही, त्यांनी नवे रोप न लावता शेजाऱ्याच्या रोपावर लक्ष ठेवावे. तीही सेवाच आहे.

हे प्रभो, तू निर्माण केलेले राखण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.

आपले धर्मगुरू