व्यामिश्रता आणि दोषमुक्ती

कथात्म साहित्याच्या समीक्षेत ‘व्यामिश्र’ हे विशेषण बहुधा गौरवार्थी वापरले जाते. पात्र निखळ काळे वा निखळ पांढरे नसणे ही लेखकाच्या प्रौढपणाची खूण मानली जाते, आणि किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांनाही आता हाच निकष लावला जातो. या गौरवाआड एक नैतिक प्रश्न मात्र दडून राहतो. दुष्कृत्यामागील प्रेरणा उमगल्या, ते करणाऱ्याचे माणूसपण प्रत्ययास आले, म्हणजे निवाड्याची जबाबदारी संपते काय? फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही इंग्रजी कादंबरीत्रयी (१९९५, १९९७, २०००) या प्रश्नाला थेट भिडते, म्हणून तिचा विचार येथे करावयाचा आहे.

त्रयीचे शीर्षक मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातून घेतले आहे, आणि ईश्वरी सत्तेविरुद्धचे बंड हेच तिचेही आशयसूत्र आहे. तिच्यातील मुख्य जगात प्रत्येक माणसाचा आत्मा देहाबाहेर, प्राण्याच्या रूपात वावरतो. त्याला ‘डीमन’ म्हणतात. मुलांचे डीमन रूपे पालटतात, वयात आल्यावर ते एका रूपात स्थिरावतात. वयात येण्याशी पापाचा संबंध जोडणारे चर्च उत्तरेकडील बोल्व्हान्गर येथे मुलांना त्यांच्या डीमनपासून कापून वेगळे करण्याचे प्रयोग करवते. त्यांची सूत्रधार मिसेस कोल्टर ही नायिका लायराची आई, तर याच चर्चच्या ईश्वराविरुद्ध युद्ध पुकारणारा लॉर्ड ॲझ्रिएल हा तिचा बाप.

वाचकाची सहानुभूती साहजिकच बंडखोराकडे वळते. पहिल्या कादंबरीच्या अखेरीस पुलमन तिलाच धक्का देतात. दुसऱ्या जगाकडे जाणारी वाट उघडण्यासाठी ॲझ्रिएलला प्रचंड ऊर्जा हवी असते, आणि मूल व डीमन यांची ताटातूट करताच ती मोकळी होते. त्यासाठी तो लायराचा सवंगडी रॉजर याचा बळी देतो. चर्च दास्य टिकविण्यासाठी जे करते, तेच बंडखोर मुक्तीसाठी करतो. साध्ये परस्परविरुद्ध, साधन मात्र एकच. साधनशुचितेचा प्रश्न येथे तत्त्वचर्चेत न राहता एका मुलाच्या देहावर येऊन ठेपतो.

या प्रसंगातील एक तपशील विशेष अर्थपूर्ण आहे. ऊर्जेसाठी मुलाच्या प्रतीक्षेत असलेल्या ॲझ्रिएलपुढे स्वतःची मुलगीच येऊन उभी राहते, तेव्हा तो भयाने शहारतो. तिच्यामागे रॉजर दिसताच तो सावरतो. मिसेस कोल्टरचेही असेच आहे. बोल्व्हान्गरच्या पात्याखाली लायरा आहे हे कळताच ती धावून येते, पण इतर मुलांसाठी ते पाते तिने कधी थांबविलेले नसते. दोघांना ‘व्यामिश्र’ ठरविणारा गुण म्हणजे अपत्यप्रेम, आणि तोच त्यांच्या नीतीची मर्यादाही दाखवितो. आपले मूल वाचविताना दुसऱ्याचे मूल खर्ची टाकण्याजोगे ठरते. हे दुसऱ्याचे मूल कोणाचे, हेही पुलमन सांगून ठेवतात. रॉजर हा जॉर्डन कॉलेजच्या स्वयंपाकघरात राबणारा पोर आहे.

यावर परिणामवादी आक्षेप घेता येईल. रॉजरच्या मृत्यूने उघडलेल्या वाटेनेच लायरा दुसऱ्या जगात गेली, आणि त्यामुळेच पुढे मृतांच्या कोंडलेल्या लोकातून असंख्य आत्मे मुक्त झाले. शिवाय मुलीसाठी कोल्टर आणि ॲझ्रिएल दोघेही अखेर स्वतःला खाईत लोटून देतात. या आत्मार्पणाची भव्यता पुलमन नाकारीत नाहीत. परंतु त्याने रॉजरचे ऋण फिटल्याचे ते कोठेही सुचवीत नाहीत. ॲझ्रिएल रॉजरपाशी कधीच येत नाही. येते ती लायरा, जिने मित्राला अजाणता त्या ठिकाणी नेले होते. अपराधाची जाणीव होते ती सर्वांत कमी अपराधी असलेल्या व्यक्तीला.

मृतांच्या लोकात शिरण्यासाठी लायराला स्वतःच्या डीमनला, पॅन्टलायमनला, किनाऱ्यावर सोडून जावे लागते. रॉजरच्या वाट्याला जबरीने आलेली ताटातूट ती स्वतः पत्करते. तरीही हे प्रायश्चित्त निर्मळ नाही, कारण त्याची यातना पॅनलाही भोगावी लागते आणि त्याची संमती नसते. ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ (२०१९) या पुढील कादंबरीत वीस वर्षांच्या लायरामध्ये आणि पॅनमध्ये जो दुरावा दिसतो, त्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हा जुना विश्वासघातही आहे. सद्हेतूने केलेल्या कृत्याचीही किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली, तर ऋण उरतेच.

मृतांच्या लोकातील हार्पी या क्रूर पक्षिणी लायराच्या रचलेल्या गोष्टी ऐकून तिच्यावर झेपावतात, आणि ती खऱ्या आठवणी सांगू लागताच शांत होऊन ऐकतात. या प्रसंगाला त्रयीच्या नीतिविचारात मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल. मुक्तीची वाट अपराध्याच्या थोरवीतून निघत नाही, ती घडले ते घडले तसे सांगण्यातून निघते. त्या वाटेने बाहेर पडणारा पहिला आत्मा रॉजरचा असतो.

येथे त्रयीच्या मर्यादेचीही नोंद करावयास हवी. ॲझ्रिएल आणि कोल्टर यांना लाभलेली व्यामिश्रता रॉजरला लाभत नाही. त्याचा आत्मा लायराला दोष देत नाही, राग धरीत नाही. लेखकाने बळीला क्षमाशील ठेवल्यामुळे वाचकाची सुटका थोडी सोपी झाली आहे. रागावलेला, क्षमा नाकारणारा रॉजर या कादंबरीला पेलला असता काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. व्यामिश्रतेचा गौरव करणाऱ्या समीक्षेने म्हणूनच आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : कलाकृतीत अंतरंग कोणाला मिळाले, आणि कोणाला केवळ मरण?