कूळ आणि मोल

वर्धा जिल्ह्यातील बोरच्या जंगलातला साग आणि आपल्या अंगणातली तुळस एकाच कुळातील आहेत, याचे आपणांस नवल वाटेल. पूर्वी सागाची गणना घाणेरीच्या कुळात होई. डीएनएच्या पुराव्याने त्याचे स्थान तुळशीच्या कुळात पक्के झाले. उलट कमळ व कुमुदिनी बहिणी भासतात, पण त्यांचे नाते फार दूरचे. १९९८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुख्यतः अशाच पुराव्यावर सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी केली.

तथापि कूळ बदलले म्हणून सागाचे लाकूड हलके झाले नाही. कूळ नाते सांगते, मोल नव्हे. आपण मात्र सोयरीक जुळविताना कूळ विचारतो आणि त्यावरच माणसाचे मोल ठरवितो. झाडाला जो न्याय आपण देतो, तो शेजाऱ्याच्या लेकीला का नाकारावा?